तीस सेकंद आणि नऊ अक्षरे

(हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने मला 'स्पर्धेचे युग आणि आपली शाळा' हा विषय दिला होता. स्पर्धेचे युग हा शब्दप्रयोग मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकत आले आहे. ते युग काही सरत नाही आणि त्याविषयीची भाषणेही सरत नाहीत. म्हणून समितीच्या अनुमतीने मी विषय थोडा आवळून घेतला आहे. मी आज एकाच स्पर्धेविषयी बोलणार आहे, आणि ती स्पर्धा आपल्या देशातलीही नाही. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी विवाहानंतर इंग्लंडात स्थायिक झाली. तिने काही वर्षांपूर्वी मला तिथल्या दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाविषयी कळवले आणि लिहिले, "बाई, हे पाहताना मला आपला शनिवारचा शेवटचा तास आठवतो." तेव्हापासून मी आणि आमच्या गणिताच्या बाई तो कार्यक्रम जमेल तसा पाहत आलो आहोत.

त्या कार्यक्रमाचे नाव 'काउंटडाउन'. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये 'चॅनल फोर' ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर सर्वप्रथम दाखवला गेला तो हाच कार्यक्रम, आणि तो अजूनही चालू आहे. मूळ कल्पना मात्र फ्रेंचांची. आर्मां जामो नावाच्या निर्मात्याने १९६५ साली 'सर्वांत लांब शब्द' या अर्थाच्या नावाने तिकडे हा खेळ सुरू केला. १९७२ साली त्यात आकडेमोडीची जोड देऊन त्याचे नामांतर 'आकडे आणि अक्षरे' असे करण्यात आले. फ्रान्समध्ये तो २०२४ पर्यंत चालला. विचार करा, जवळजवळ आपल्या शाळेएवढे आयुष्य एका शब्दखेळाला लाभले!

खेळ साधा आहे. दोन स्पर्धक समोरासमोर बसतात. एकजण व्यंजन हवे की स्वर हवा एवढेच सांगतो आणि त्याप्रमाणे एकेक करून नऊ अक्षरे फळ्यावर लागतात. कोणते अक्षर येईल हे त्याच्या हाती नसते. मग घड्याळ सुरू होते. तीस सेकंदांत त्या नऊ अक्षरांतून होईल तितका लांब शब्द जुळवायचा. जितकी अक्षरे तितके गुण. नऊच्या नऊ अक्षरांचा शब्द साधला तर दुप्पट, म्हणजे अठरा. ज्याचा शब्द लांब, गुण त्यालाच. दोघांचे शब्द सारख्या लांबीचे असतील तर दोघांनाही. आकड्यांच्या फेरीत सहा आकडे मिळतात आणि एक तीन अंकी संख्या समोर येते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून ती संख्या गाठायची. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा. अचूक उत्तराला दहा गुण, पाचाच्या आत चुकले तर सात, दहाच्या आत चुकले तर पाच. शेवटी नऊ अक्षरांचे एक कोडे असते, त्यात जो आधी घंटा वाजवेल त्याचे ते. जिंकणारा पुढच्या भागात पुन्हा खेळतो. सलग आठ सामने जिंकले की तो सन्मानाने निवृत्त होतो आणि पर्वाच्या अखेरीस बाद फेरीसाठी परततो.

आणि बक्षीस? चहाची किटली. घड्याळाचे चित्र असलेली एक किटली जिंकणाऱ्याला मिळते. रोख रक्कम नाही. आपल्याकडे प्रश्नमंजूषा म्हटली की एक कोटी, सात कोटी हे आकडे प्रथम डोळ्यांसमोर येतात. त्यात मला गैर वाटत नाही. अमरावती जिल्ह्यातील एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी २०१९ साली एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा आपल्या शिक्षककक्षात पेढे वाटले गेले होते. पण पैसा नसलेल्या ठिकाणी माणसे का येतात, हेही पाहण्यासारखे असते. त्या किटलीसाठी निवृत्त कारकून येतात, महाविद्यालयीन मुले येतात, गृहिणी येतात. आठ वर्षांची मुलेही तेथे खेळून गेली आणि जिंकली आहेत. २०१० मध्ये क्लार्क कार्लाइल हा व्यावसायिक फुटबॉलपटू तेथे खेळला आणि दोन सामने जिंकला. खेळाडूला अभ्यासात गती नसते असे आपणही मधल्या सुट्टीत मैदानावर रमणाऱ्या मुलांविषयी किती सहज बोलून जातो!

परंतु मला या कार्यक्रमात सर्वाधिक आवडते ते वेगळेच. तीस सेकंद संपल्यावर स्पर्धक लगेच शब्द सांगत नाहीत. आधी त्यांनी सांगायचे असते ते फक्त आपल्याजवळ किती अक्षरांचा शब्द आहे एवढेच. "सहा." "सात." कधी कोणी म्हणतो, "सात, पण खात्री नाही." शब्द कागदावर लिहिलेला नसेल तर तेही आधी सांगायचे, आणि मग शब्द प्रथम त्यानेच उच्चारायचा, म्हणजे समोरच्याचा ऐकून आपला ठरवल्याचा संशय नको. दोघांचा शब्द एकच निघाला तर दुसऱ्याने आपला कागद प्रतिस्पर्ध्याला दाखवायचा. त्यानंतर निवाडा शब्दकोशाचा. सात म्हणून सांगितलेला शब्द कोशात नसेल तर सातही जातात आणि आधी सुचलेला सहाही जातो. पदरी शून्य. समोरच्याचा साधा, रोजचा, पाच अक्षरी शब्द त्या वेळी पाच गुण घेऊन जातो.

आपल्याजवळ नेमके किती आहे ते आधी मोजून सांगायचे आणि मग उघडून दाखवायचे, ही गोष्ट शाळेत शिकवणे फार कठीण जाते. फळ्यासमोर उभे असताना "कोणाकोणाला आले?" असे विचारले की चाळीस हात वर होतात. एकेकाला उठवले की त्यांतले निम्मे हात खाली असायला हवे होते असे दिसते. मुले खोटे बोलत नसतात. येते आहे आणि येते असे वाटते आहे, यांतला फरक त्यांना अजून कळलेला नसतो. (पुष्कळ मोठ्यांनाही तो कळत नाही, पण आज मंचावर पाहुणे आहेत.) म्हणून गेली काही वर्षे शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही सहावी ते आठवीच्या वर्गांत हा खेळ घेतो. आधी आकडा सांगायचा, मग शब्द.

आकड्यांच्या फेरीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण १९९७ सालच्या एका भागातील उत्तर आमच्या गणिताच्या बाईंनी फळ्यावर सोडवून दाखवले तेव्हा आठवीचा वर्ग पाच मिनिटे स्तब्ध होता. आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायची संख्या ९५२. स्पर्धकाने काय करावे? शंभरात सहा मिळवून १०६ केले. त्यांना तिनाने गुणून ३१८. त्यांना पंचाहत्तराने गुणले, आले २३,८५०. त्यांतून ५० वजा केले, २३,८००. त्यांना पंचवीसने भागले, ९५२!

पाहणाऱ्याला वाटते, या माणसाने चोवीस हजारांच्या घरात मुशाफिरी करून नऊशे बावन्नवर उतरणे हा चमत्कारच. पण आमच्या बाईंनी मुलांना विचारले, "त्याने मनात प्रत्यक्ष काय केले असेल?" पंचाहत्तर भागिले पंचवीस म्हणजे तीन. ३१८ त्रिक ९५४. आता दोन जास्त झाले. पन्नास भागिले पंचवीस म्हणजे दोन. ९५४ वजा २, झाले ९५२. अडचण एवढीच की पंचवीस दोनदा लागतो आणि हाती एकच आहे. म्हणून त्याने भागाकार अगदी शेवटपर्यंत राखून ठेवला आणि एकाच पंचवीसने दोन्ही कामे करून घेतली. ज्याला आपण पुस्तकात वितरणाचा नियम म्हणतो आणि मुले केवळ दोन गुणांसाठी पाठ करतात, तोच हा. मागच्या बाकावरचा एक मुलगा हलकेच म्हणाला, "म्हणजे बाई, हे आपल्याला येतं." माझ्या मते त्या वर्षीचा तो सर्वांत मोलाचा उद्गार होता.

या खेळातील मोठे आकडे चारच असतात: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर. आपल्या जुन्या पिढीला हे ऐकताच काहीतरी आठवेल. मागील वर्षी आजी-आजोबा दिनाला आम्ही हा खेळ सभागृहात मांडला. फळ्यावर ७५, ८, ४, १, १० आणि २ असे आकडे होते, गाठायची संख्या होती ६७९. मुले कागदावर गुणाकार करीत होती. तिसऱ्या रांगेतील एका आजोबांनी बसल्या जागेवरून सांगितले, "आठ आणि एक नऊ. नऊ पाऊणशे म्हणजे पावणेसातशे. वर चार." घड्याळात अजून वीस सेकंद उरली होती. मुलांनी वळून पाहिले. त्यांना पावणेसातशे म्हणजे किती हेच ठाऊक नव्हते! आजोबांनी मग त्यांना पाऊणकी म्हणून दाखवली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही नावे आज येथे किती जणांना माहीत आहेत? ज्यांना आहेत त्यांनी संकोच सोडून हात वर करावा. पुष्कळ आहेत. ठीक, आणि मी एकेकाला उठवणार नाही.

ते पाढे बाजारहाटासाठी रचले गेले होते. मापे दशमान झाली, पाव-पाऊण गेले, पाढेही गेले. ते सगळे पुन्हा पाठ करून घ्यावे असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसले की पंचाहत्तर हा एक अवघड आकडा न वाटता शंभराचा पाऊण भाग वाटणे, ही सोय आपल्या भाषेने आपल्याला फुकट दिली आहे. गुजरातीतही पोणा, सवा, दोढ, अढी आहेतच. तेव्हा आपल्या या बडोद्यात ती दोन्ही बाजूंनी मिळते. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे वाचन आले आणि मोठा वाद झाला. आपली पुस्तके गुजरातच्या मंडळाची असल्यामुळे तो वाद आपल्या वर्गांपर्यंत आला नाही. पण त्या वेळी मी फ्रेंचांचा विचार करीत होते. फ्रेंच माणूस सत्त्याण्णव म्हणताना 'चार वीस दहा सात' असे म्हणतो. तरी आकड्यांचा हा खेळ त्याच भाषेत जन्मला आणि पन्नास वर्षे रंगला. आपले एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक उणे. वजाबाकी तर आपल्या तोंडातच आहे. संख्येचे नाव वाकडे असणे हा मोठा अडथळा नव्हे. नाव आणि किंमत यांची मुलाच्या मनात गाठ कधी बसते, हा खरा प्रश्न आहे.

अक्षरांची फेरी मराठीत आणताना मात्र आमची कसोटी लागली. इंग्रजीत सव्वीस वर्ण ओळीने मांडता येतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे. 'स्प' हे एक अक्षर मोजावे की दोन? शिक्षककक्षात याची चर्चा दोन आठवडे चालली आणि चहाचा खर्च वाढला. शेवटी ठरले की नऊ व्यंजने द्यायची, स्वरचिन्हे ज्याने त्याने हवी ती लावायची, जोडाक्षर मोकळे, आणि गुण वापरलेल्या व्यंजनांचे. एका शनिवारी व, न, स, प, त, ळ, क, र, ल अशी अक्षरे आली. एका मुलीने पाच सांगितले आणि 'वनस्पती' लिहिले. दुसऱ्याने पाच सांगितले, 'पातळसर'. दोघांनाही पाच.

तोच एक मुलगा उठला. त्याच्या घरी जुना कोश होता आणि त्यात 'वनस्पति' असे ऱ्हस्व होते. मग १९६२ सालचे लेखनविषयक नियम निघाले. शब्द सुटा असता शेवटची ती दीर्घ, पण 'वनस्पतिशास्त्र' या समासात ऱ्हस्व. एका वेलांटीवरून अर्धा तास गेला, आणि माझ्या मते शुद्धलेखनाचा तो वर्षातील सर्वोत्तम तास होता, कारण नियम मुलांनी मागितला होता.

त्याच फेरीत सहावीतल्या एका मुलीने "चार" असे सांगितले आणि कागदावर लिहिले 'पलळतो'. वर्गात हशा झाला. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "बाई, पावसात छत्री नसली की माणूस पलळतो ना." आपणा बडोदेकरांना हे नवीन नाही. गुजरातीतला 'पलळवुं' आपल्या घराघरांत मराठी प्रत्यय लावून नांदतो आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड ग्रंथालयातून आणवले. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले, १९५० साली पुरवणी निघाली. 'पलळणे' सापडले नाही. नियमाप्रमाणे शून्य गुण दिले. ती खाली बसता बसता म्हणाली, "पण आम्ही घरी तर असंच म्हणतो."

पालकहो, या वाक्याला उत्तर देणे हे बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेचे सर्वांत नाजूक काम आहे. "घरी बोलता ते चूक" असे म्हटले तर मूल घरची मराठी टाकते. ते कोशातली मराठी उचलत नाही, सरळ हिंदी किंवा इंग्रजीकडे वळते. "चालेल, सगळे चालते" म्हटले तर उद्या पुण्याला किंवा नागपूरला गेल्यावर लोक त्याला हसतात, आणि ते हसणे किती वर्षे मनात राहते हे येथील माजी विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. काउंटडाउनमध्ये कोशाच्या कोपऱ्यात सूझी डेंट या विदुषी १९९२ पासून बसतात. त्या शब्द नाकारतात तेव्हा बोलणाऱ्याला नाकारीत नाहीत. शब्द कोठून आला, का सुचला असावा, कोणत्या प्रांतात बोलला जातो, हे सांगतात, आणि गुण मात्र देत नाहीत. मला तो निवाडा पटतो. आम्ही त्या मुलीचे शून्य तसेच ठेवले आणि 'पलळणे' हा शब्द एका वेगळ्या वहीत लिहिला. अर्थ, कोणी सांगितला, कोणत्या वाक्यात, तारीख. वहीवर मुलांनीच नाव घातले, 'कोशाबाहेरचे'. आज त्या वहीची दुसरी शंभर पाने सुरू आहेत.

आपले शहर या कामाला परके नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, राज्यकारभारातील शब्द गुजराती, मराठी, संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडणारा 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' याच संस्थानाने छापला. शेजारच्या भाषेकडे पाहून आपला शब्द तपासण्याची रीत येथे जुनी आहे.

पालकांकडून एक प्रश्न मला दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर ऐकू येतो आणि यंदा तो अधिक वेळा ऐकू आला: "बाई, मराठी माध्यमात ठेवले तर मूल मागे नाही ना पडणार?" पहिलीचा एक वर्ग गेल्या वर्षी बंद करावा लागला, तेव्हा प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. मुलाला इंग्रजी यायलाच हवे आणि त्यासाठी आम्ही तास वाढवले आहेत. पण या खेळाने मला एक गोष्ट जवळून दाखवली. आपल्याजवळ सहा अक्षरे पक्की आहेत हे ज्या मुलाला कळते, ते दुसऱ्या भाषेतही आपल्याजवळ नेमके काय आहे आणि काय कमी आहे हे सांगू शकते, आणि मग ते कमी भरून काढता येते. ज्याच्याजवळ कोणतीच भाषा पक्की नाही, ते मूल दोन्हीकडे "सात" म्हणते आणि दोन्हीकडे शून्य घेऊन बसते. अशी मुले अलीकडे मधूनच आमच्याकडे दाखल होतात. ती हुशार असतात. वर्ष-दीड वर्ष त्यांना नुसते "मला हे येत नाही" असे न घाबरता म्हणायला शिकवण्यात जाते.

आता थोडे आजच्या कार्यक्रमाविषयी. जेवणानंतर तीन वाजता सभागृहात हा खेळ होईल. एका बाजूला आठवीची मुले, दुसऱ्या बाजूला माजी विद्यार्थी. तीस सेकंदांचे घड्याळ आपल्या प्रयोगशाळेच्या सरांनी तयार केले आहे. माजी विद्यार्थ्यांनी चष्मे बरोबर आणावेत आणि भ्रमणध्वनी दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकावेत. ज्यांच्या घरी जुन्या अंकलिप्या किंवा पावकी-निमकीची पुस्तके असतील त्यांनी ती ग्रंथालयाला पाहण्यासाठी द्यावीत. प्रती काढून परत केल्या जातील. 'कोशाबाहेरचे' ही वही व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या मेजावर ठेवली आहे. हैदराबाद, इंदूर, बेंगळुरू, दिल्ली अशा गावांहून आपण आला आहात. तिकडच्या भाषांतून आपल्या घरात शिरलेला एक तरी शब्द, अर्थासह, त्या वहीत लिहून जावे. शब्दाखाली गाव लिहायला विसरू नये.

आणि हो, जिंकणाऱ्यासाठी किटली आणली आहे. पितळेची आहे, मंगळबाजारातून.